नळीबंदीतलं हिरवं कडं

हिरवळ कापणं हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. ज्यांना ते सोपं वाटतं त्यांच्या घरावरून जाताना मी मान दुसरीकडे वळवतो, कारण बिचाऱ्या गवताचे हाल मला बघवत नाहीत.

यंत्र ढकलताना नजर चाकांवर ठेवायची नाही. समोर कुठेतरी ठेवायची, कुंपणाच्या खांबावर म्हणा किंवा सफरचंदाच्या बुंध्यावर. पाती पुढचं गवत कापतात आणि मागचा रूळ कापलेल्या गवताला एका बाजूला निजवतो. जाताना निजवलेलं गवत फिकं दिसतं, येताना निजवलेलं गडद. गवत तेच, पातं तेच, ऊन तेच, फक्त डोकं कोणत्या दिशेला करून निजलंय एवढाच फरक, आणि सगळ्या परसाला पट्टे! मी जन्मभर दुधाची गाडी चालवली आणि निवृत्तीनंतर हे यंत्र ढकलतोय. पण शेवटचा पट्टा संपवून मागे वळून बघितलं की अजूनही माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.

"पुन्हा तसाच उभा राहिलास?" मेव्हिस स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडते. "आत ये, चहा गार होतोय."

मेव्हिस म्हणजे माझी बायको. लिहायला वाचायला मला तिनेच शिकवलं, तेही केस पिकायला लागल्यावर. तोवर गिऱ्हाइकांनी रिकाम्या बाटल्यांखाली ठेवलेल्या चिठ्ठ्या मी नुसत्या बघायचो आणि अंदाजाने दूध ठेवून पुढे जायचो. अक्षरं उशिरा भेटल्यामुळे छापलेल्या कागदाचा मला अजूनही धाक वाटतो. हे सांगायचं कारण पुढे येईल.

आमच्या शेजारी सिरिल वीक्स राहतो. रेल्वेत सिग्नलवाला होता. त्याची हिरवळ इतकी सपाट की तिच्यावर पाखरू उतरलं तर डाग पडल्यासारखा वाटतो. आमच्या दोघांच्या परसांमध्ये झुडपांचं कुंपण आहे आणि ते आम्ही दोघं मिळून कापतो, त्याच्या बाजूने तो, माझ्या बाजूने मी. वरून ते इतकं सपाट आहे की त्याच्यावर चहाचा मग ठेवता येतो. रोज अकरा वाजता दोन मग तिथे येतात. तो म्हणतो, "काय विल्फ्या?" मी म्हणतो, "काय सिरिल?" मग आम्ही हवामानावर बोलतो. हवामान नसेल तेव्हा गवतावर बोलतो. मुलांची लग्नं, माझं ऑपरेशन, त्याच्या भावाचं जाणं, सगळं त्या कुंपणावरच झालं, पण हवामानाच्या आडून.

आमच्या दोघांत फरक एकच. मला 'सॉरी' म्हणायची खोड आहे. खुर्चीला पाय लागला तरी मी खुर्चीला सॉरी म्हणतो. मेव्हिस सांगते की लग्नात तिच्या बोटात अंगठी घालतानाही मी सॉरी म्हणालो होतो. तशी सगळ्या गावालाच ही खोड आहे, अपवाद फक्त सिरिलचा. सिग्नल चुकला असं कबूल करणारा सिग्नलवाला नोकरीत राहत नाही, असं तो म्हणतो. निवृत्त झाल्यावरही त्याचा एकही सिग्नल चुकलेला नाही.

तर, त्या वर्षी पाऊस वसंतातच रुसला. जून कोरडा गेला आणि जुलैमध्ये नळीबंदी आली, म्हणजे रबरी नळीने बागेला पाणी घालायचं नाही. आमचं गाव खडूच्या टेकडीच्या पायथ्याशी आहे. वर वीतभर माती, खाली पाणी न धरणारा पांढरा खडूचा दगड. इथलं गवत करपायला वेळ लावत नाही. आठवड्याभरात सगळ्या गावाची परसं पावाच्या कडेसारखी झाली.

आणि मग एक चमत्कारिक गोष्ट झाली. करपलेलं गवत हीच प्रतिष्ठा होऊन बसली. ज्याची हिरवळ जास्त पिवळी तो जास्त सज्जन. लोक चर्चमधून परतताना एकमेकांच्या परसात डोकावून, "वा, तुमची अगदी मेलीय!" अशी दाद देऊ लागले. ग्रामसभेने 'पाणी वाचवा' समिती नेमली आणि अध्यक्ष केला सिरिलला. त्याने छापील फलक आणला. मी तो एकेक अक्षर लावत वाचला आणि माझ्या फाटकावर सगळ्यांत आधी लावला. छापलेलं आहे म्हटल्यावर प्रश्नच नव्हता.

माझी हिरवळ सुंदर मेली होती. एकसारखी, पट्ट्यांसकट. आणि त्या मेलेल्या हिरवळीत एका सकाळी मला हिरवी रेघ दिसली.

रेघ म्हणजे चांगली दोन हात रुंद. घराकडून निघून वळत वळत सफरचंदाच्या झाडामागे गेलेली. मला वाटलं, माझेच डोळे. चष्मा पुसला. रेघ गेली नाही. दोन दिवसांत ती आणखी पुढे सरकली, गर्द झाली आणि बेशरमपणे वाढू लागली. मध्यभागी, जिथे मी कापडी आरामखुर्ची टाकून दुपारी डुलकी काढतो, तिथेही बाथटबाएवढा हिरवा ठिपका उमटला.

अकरा वाजता सिरिलने चहाचा मग कुंपणावर ठेवला आणि तो पलीकडे न बघितल्यासारखं बघत म्हणाला, "आंघोळीचं पाणी घालतोस वाटतं?"

"नाही रे."

"घातलंस तरी चालतं. बादलीने चालतं. बंदी फक्त नळीला आहे."

"घालत नाही म्हटलं ना."

"बरं बरं," सिरिल म्हणाला. आमच्याकडे 'बरं बरं' या शब्दांचा अर्थ 'साफ खोटं' असा होतो. आणि त्याने अर्धा चहा टाकून आपला मग उचलला. सिरिल वीक्सने चहा टाकलेला मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कुंपणावर माझा एकट्याचा मग होता. फाटकाशी सिरिल भेटला. टोपीला हात लावून म्हणाला, "नमस्कार, मिस्टर हॅलेट. आपण बरे आहात ना?"

मिस्टर हॅलेट! आपण! 'विल्फ्या'वरून थेट 'आपण'! माणसाने माणसाला शिव्या द्याव्यात, कुंपणावरून वीट फेकावी, पण असं आदराने मारू नये. मी आत येऊन बसलो. मेव्हिस म्हणाली, "काय झालं? कोणी गेलं का?"

"तसंच समज," मी म्हणालो.

आता एकच उपाय होता. माझी हिरवळ बाकीच्यांसारखी करपवायची. आयुष्यभर जे गवत हिरवं राहावं म्हणून धडपडलो, ते मारायला मी बाहेर पडलो. पहिल्यांदा यंत्र काढलं. उरलेलं गवत वाढतच नव्हतं, त्यामुळे कापायची होती फक्त रेघ, आणि ती वाकडी. सरळ पट्ट्यांसाठी गावात नाव कमावलेला मी भर दुष्काळात यंत्र घेऊन गोल गोल फिरत होतो. वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांचे पडदे हलताना मला दिसत होते. उंची बाकीच्या गवताएवढी झाली, हात फिरवला तर अगदी सपाट लागायचं. पण जितकं खाली कापावं तितकं ते हिरवं निघे.

गावातल्या दुकानात सल्ल्यांना तोटा नव्हता. मिस टिल्ड्स्ली, बागकाम मंडळाच्या अध्यक्षा, ब्रेड हातात घेऊन म्हणाल्या, "मिस्टर हॅलेट, तुम्ही फाटकावर 'आंघोळीचं पाणी' अशी पाटी लावा. हल्ली सगळे लावतात."

"पण आम्ही घालत नाही."

"तरी लावा. लोकांची समजूत राहते."

हे मी घरी सांगितलं तेव्हा मेव्हिस कडाडली, "त्या रेघेला पुरेल एवढं पाणी म्हणजे आपण दिवसातून दहा वेळा आंघोळ करतो असं गावाला वाटेल! या वयात! लोक काय म्हणतील?"

दुकानदाराने जुना गालिचा अंथरायला सांगितलं. गवताला ऊन लागलं नाही की ते पिवळं पडतं. आमच्याकडे एवढा गालिचा नव्हता, म्हणून मी जिन्यावरची पट्टी, न्हाणीघरातली पायपुसणी आणि मेव्हिसच्या आईचा पाहुण्यांसाठीचा टेबलक्लॉथ अंथरला. रेघेच्या वळणावरून हे सगळं असं गोल मांडलं की राणी येणार असावी आणि तिला चक्कर आलेली असावी. आता ज्यांना संशय नव्हता त्यांचीही खात्री पटली. लपवण्यासारखं काही नसतं तर माणूस हिरवळीला टेबलक्लॉथ का पांघरेल?

शेवटी मी सगळं गुंडाळून आत नेतो न नेतो तोच पाणी कंपनीचा माणूस आला. कोणीतरी तक्रार केली होती. कोणी, ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. कुंपणापलीकडे कात्रीचा आवाज एकदम थांबला, एवढं मात्र ऐकलं.

माणूस भला होता. त्याने मीटर बघितलं आणि म्हणाला, "साहेब, तुमचा वापर गेल्या वर्षीपेक्षा कमी आहे."

"बघा!" मी म्हणालो. तेही मोठ्याने, कुंपणाच्या दिशेने.

"म्हणजे हे पाणी मीटरमधून जातच नाही," तो म्हणाला. "हे जास्त गंभीर आहे."

एवढं बोलून त्याने गाडीतून एक लांब लाकडी काठी काढली. एक टोक जमिनीला टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटले. गळती असली की ती या काठीतून ऐकू येते म्हणे. मी आणि मेव्हिस श्वास रोखून उभे राहिलो. माणूस रेघेवरून पाऊल पाऊल सरकत होता, डॉक्टर छाती तपासतो तसा. मग तो मधल्या ठिपक्यावर आला आणि तिथे फार वेळ ऐकत राहिला. मला उगीचच दडपण आलं.

"काय ऐकू येतं?" मी कुजबुजलो.

"काहीच नाही," तो म्हणाला. "खाली अगदी शांत आहे. इतकं शांत मी कुठे ऐकलं नाही."

पण त्याच्या कागदावर 'शांतता' असा रकाना नव्हता. गळती आहे किंवा चोरी आहे, दोनच घरं. त्याने मला दया म्हणून गळतीच्या घरात टाकलं. रेघेवर निळ्या रंगाने फुल्या मारल्या, मधल्या ठिपक्यावर सगळ्यांत मोठी फुली मारली आणि सांगितलं की सोमवारी खोदायचं यंत्र येईल.

"माझी हिरवळ खोदणार?"

"गळती सापडेपर्यंत. पाइप असा वाकडा का गेलाय ते कळत नाही, पण खोदल्यावर कळेलच."

"आणि गळती नाही सापडली तर?"

"मग दुसरं घर, चोरीचं," तो खिन्नपणे म्हणाला आणि गेला.

मी कुंपणाशी गेलो. माझाही संयम संपला होता. "सिरिल! मी पाणी चोरतो असं तुला वाटतं?"

झुडपांवर सिरिलचं डोकं आलं. लाल झालेलं. "मिस्टर हॅलेट, आपण आपल्या परसात काय करता तो आपला प्रश्न. पण आपलं पाणी कुंपणाखालून माझ्याकडे झिरपतंय, त्याचं काय? या, बघा!"

मी टाचा उंच करून बघितलं. सिरिलच्या मढ्यासारख्या पिवळ्या, निर्दोष हिरवळीत, अगदी कुंपणाला लागून, धनुष्यासारखा एक हिरवा तुकडा होता. त्यावर त्याने बागेतलं टेबल ओढून ठेवलं होतं, तरी दोन्ही टोकं बाहेर आलीच होती.

"समितीचा अध्यक्ष आहे मी!" त्याचा आवाज कापत होता. "लोकांना काय तोंड दाखवू? आपल्यामुळे माझं गवत जिवंत आहे!"

"सॉरी," मी सवयीने म्हणून गेलो.

"म्हणजे कबूल!" सिरिल म्हणाला आणि खाली गेला.

त्या एका शब्दाने माझा घात केला. मेव्हिस म्हणाली, "आता तोंडाला कुलूप लावून बस." मी रविवारचा चहा घेऊन आरामखुर्चीत, निळ्या फुलीवर, बसून राहिलो. उद्या यंत्र येणार. हिरवळ गेली तर पुन्हा पेरता येईल, तेवढं आयुष्य आहे. पण अकराचा मग? तो कुठून पेरायचा?

दुपारी शेजारी शिडीचा आवाज झाला. सिरिल कॅमेरा गळ्यात घालून स्वतःच्या गॅरेजच्या सपाट छपरावर चढत होता. खोदण्याआधी पुरावा म्हणून फोटो काढायचा होता हे सांगायची गरज नव्हती. मी चहा पीत राहिलो. चोर चहा पितो तसाच इतर लोकही पितात, हे त्याला दिसू दे.

वर तो उभा राहिला. कॅमेरा डोळ्याला लावला आणि मग हळूच खाली घेतला. फोटो काढलाच नाही. नुसता उभा. मला वाटलं, ऊन लागलं.

"सिरिल? बरा आहेस ना?"

मग वरून आवाज आला, कधी ऐकला नव्हता असा, चर्चमध्ये बोलतात तसा हळू.

"विल्फ्या... अरे, वर ये."

कप गवतावर ठेवून मी निघालो. विल्फ्या म्हटल्यावर मी शिडीच काय, घंटाघरही चढलो असतो. गुडघ्यांनी तक्रार केली, मी त्यांनाही सॉरी म्हणालो. छपरावर पाय टाकताना दुसरा पाय शिडीला लागला आणि ती धाडकन खाली गेली.

"सॉरी," मी शिडीला म्हणालो.

"गप्प बस. बघ," सिरिल म्हणाला.

मी बघितलं.

खालून जी वाकडीतिकडी रेघ होती, ती वरून रेघ नव्हतीच. ते कडं होतं. पूर्ण, गोल, न चुकलेलं. माझ्या परसातून निघून, सफरचंदामागून वळून, कुंपणाखालून सिरिलच्या टेबलाला शिवून परत माझ्याकडे आलेलं. आमचं कुंपण, आमच्या भिंती, पाणी कंपनीच्या निळ्या फुल्या, माझे जन्मभराचे सरळ पट्टे, कशाचीही पर्वा न करता ते तिथे पडलं होतं. आणि बरोबर मधोमध ती लांबट हिरवी जागा, माझी खुर्ची आणि कप.

सिरिलने हात वर केला. समोरच्या टेकडीवर, जिथे मेंढ्या चरतात, तिथे ते जुने गोल उंचवटे आहेत. प्रत्येकाभोवती चर, प्रत्येकाखाली फार जुन्या काळी पुरलेलं कोणीतरी निजलेलं. लहानपणी आम्ही सगळेच त्यांवरून घरंगळत आलोय. मापही तेच.

"याचा उंचवटा नांगरटीत गेला असेल," सिरिल म्हणाला. "चर मातीने भरला. पण खोल माती ती, ओल धरून राहिली."

"म्हणजे गळती नाही."

"नाही."

"आणि चोरीही नाही."

सिरिल टेकडीकडे बघत राहिला. त्याचा हा सिग्नल चुकला होता हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, आणि तो ते म्हणणार नाही हेही. मी आग्रह धरला नाही, कारण माझं लक्ष माझ्या खुर्चीकडे होतं.

"सिरिल," मी म्हणालो, "इतकी वर्षं मी त्याच्या छातीवर बसून बिस्किटं खातोय."

"चुराही सांडला असशील."

"सांडला."

शिडी नव्हती. बायका चर्चमध्ये फुलं मांडायला गेल्या होत्या. आम्ही दोघं छपराच्या कडेला पाय सोडून बसलो. ऊन तिरकं होत गेलं तसतसं कडं अधिकच गर्द होत गेलं. ज्यांनी तो चर खणला त्यांनी मध्ये खुंटी ठोकून दोरी फिरवली असेल, असं मला वाटलं. नीट गोल यावा म्हणून कोणीतरी मागे सरून, डोळे बारीक करून बघितलं असेल, आणि बायकोने हाक मारली असेल, पुन्हा तसाच उभा राहिलास? नीटनेटकेपणाचा मला एवढा अभिमान. पण माझे पट्टे आठवडाभरात पुसले जातात आणि यांची रेघ अजून टिकून होती.

मेव्हिस आणि सिरिलची ऑलिव्ह परतल्या तेव्हा अंधारून यायला लागलं होतं.

"काय करताय रे तिथे?" ऑलिव्ह ओरडली. "ही काय वयं आहेत?"

"शिडी लाव," सिरिल म्हणाला. "आणि मग तुम्हीही वर या."

त्या आल्या, आणि त्याही गप्प झाल्या. चौघं एकाच वेळी गप्प बसल्याचं हे आमच्या दोन्ही घरांतलं एकमेव उदाहरण. शेवटी मेव्हिस एवढंच म्हणाली, "तो टेबलक्लॉथ अंथरला ते बरं केलंस. पाहुण्यांसाठीचाच होता."

सकाळी खोदायच्या यंत्रासमोर सिरिल अध्यक्षपदाचा बिल्ला लावून आडवा उभा राहिला. मेव्हिसने फोन केल्यावर संग्रहालयातल्या मिस लॅव्हिंग्टन आल्या, छपरावर चढल्या आणि त्यांनीही कॅमेरा तसाच खाली घेतला. चार-एक हजार वर्षांचं असावं, म्हणाल्या. त्या काळी माणसाला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजवत, थंडीत मूल निजतं तसं. उघडून बघायचं का, हे त्यांनी आम्हालाच विचारलं.

"त्यांनी आपल्याला कधी उठवलं का?" मेव्हिस म्हणाली, आणि तो विषय मिटला. पाणी कंपनीच्या माणसाने कागदावर हाताने तिसरा रकाना आखला आणि त्यात 'शांत' असं लिहिलं.

ऑगस्टच्या शेवटी पाऊस आला. सगळ्या गावाची हिरवळ उठली आणि त्या हिरव्यात आमचं कडं हळूहळू विरघळून गेलं. आता वरून बघितलं तरी काही दिसत नाही.

मी पुन्हा सरळ पट्टे काढतो. खुर्ची मात्र सफरचंदाखाली हलवली आहे. पहिल्यांदा कापायला निघालो तेव्हा मधोमध आल्यावर पाऊल आपोआप हळू झालं. यंत्र अलगद पुढे ढकलत मी म्हणालो, "सॉरी हं."

झुडपांवर चहाचा मग आला. मागोमाग डोकं. "कोणाला म्हणतोयस रे, विल्फ्या?"

"तुला नाही."

सिरिलने मान डोलावली. "तुझ्याकडे माणूस आहे," तो म्हणाला. "माझ्याकडे नुसता उंबरठा." पण हे सांगताना त्याची छाती जरा फुगली होती. मग तो स्वतःची हिरवळ कापायला गेला. त्याचं यंत्र मोटरीचं, आवाज सगळ्या गल्लीभर. पट्टा, वळण, पट्टा, वळण. कुंपणालगतच्या त्या धनुष्यापाशी आल्यावर मोटर एकदम बंद पडली. बंद पडली नव्हती, बंद केली होती. मी इकडे खांबाकडे नजर लावून, काही ऐकत नसल्यासारखा उभा राहिलो.

"सॉरी हं, साहेब," सिरिल हळूच म्हणाला.

त्यातलं निम्मं माझ्यासाठी होतं, असं मी धरून चाललो आहे.